माळ्यावरचा वारसा

घर आवरायला काढले की ते सापडते. ब्रिटनमध्ये आजी-आजोबांच्या पश्चात बंद घर उघडणाऱ्या कित्येक कुटुंबांचा हा अनुभव आहे. पोटमाळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली, मुळात फिकट बदामी पण आता पिवळी पडलेली एक चपटी पेटी असते. टाइपरायटरसारखा कळफलक, वरच्या ओळीत तांबड्या-केशरी कळा आणि ठिपक्यांनी काढलेले एक घुबड. हा 'बीबीसी मायक्रो', १९८०च्या दशकात घराघरांत आणि शाळाशाळांत शिरलेला संगणक. ज्या मुलाने दहाव्या वर्षी त्यावर पहिला प्रोग्राम लिहिला, तो आता पन्नाशीत असतो. त्याच्या मुलीला ही पेटी चालू करून बघायची असते.

वायर सापडते, प्लग बसतो, बटण दाबले जाते. दोन सुरांची ती ओळखीची शीळ वाजते, पडद्यावर अक्षरे उमटतात आणि चाळीस वर्षांनी घर पुन्हा हसते. मग पंधरा-वीस मिनिटांनी पेटीतून पांढरा धूर येऊ लागतो आणि खोलीभर उग्र, जळका वास पसरतो.

हे इतक्या वेळा घडलेले आहे, की जुने संगणक जपणाऱ्या हौशी लोकांत पहिला नियमच ठरून गेला आहे: वारशात आलेले यंत्र आधी उघडायचे, तपासायचे आणि मगच विजेला जोडायचे. माणसाप्रमाणे यंत्रालाही म्हातारपण येते. त्याच्या व्याधी ठरलेल्या असतात आणि त्यातल्या काही घरातल्यांनाही बाधू शकतात.

यंत्राच्या व्याधी

धूर येतो तो एका छोट्याशा भागातून. विजेतला खरखराट बाहेर जाऊ नये म्हणून वीजपुरवठ्याच्या पेटीत धातूचा थर दिलेल्या कागदाचे कपॅसिटर बसवलेले असत. त्यांच्यावरच्या पारदर्शक कवचाला वर्षानुवर्षांत बारीक तडे जातात, तड्यांतून हवेतला ओलावा आत शिरतो आणि कागद दमट होतो. पुन्हा वीज मिळाली की तो तापतो, फुगतो आणि फुटतो. संगणक बहुधा वाचतो. पण बंद खोलीत तो धूर नाकातोंडात गेला, तर खोकला येतो, डोळे चुरचुरतात आणि दमा असलेल्याला झटका येऊ शकतो. खिडक्या उघडाव्यात, प्लग काढावा आणि खोलीबाहेर यावे, एवढे तेव्हा पुरते. त्याआधीच जाणकाराकडून तो भाग बदलून घेणे अर्थातच जास्त शहाणपणाचे.

दुसरी व्याधी बॅटरीची. १९८१च्या मूळ यंत्रात बॅटरी नव्हती. मात्र त्यानंतरच्या काही संगणकांत घड्याळ चालू राहावे म्हणून छोटी बॅटरी ठेवलेली असे. ती गळली की आतल्या पट्टीवर पांढरी किंवा हिरवट खपली धरते. अल्कलाइन बॅटरीतला द्राव दाहक असतो, कातडीला आणि विशेषतः डोळ्यांना इजा करतो. निकेल-कॅडमियम बॅटरीतले कॅडमियम शरीरात साठत गेले तर मूत्रपिंडांना अपाय करते. म्हणून ती खपली नखाने खरवडायची नाही आणि फुंकर मारून उडवायची तर मुळीच नाही. हातमोजे घालावेत, डोळ्यांवर चष्मा असावा आणि मुलांना जरा लांबच बसवावे.

तिसरी गोष्ट शिशाची. त्या काळी सुटे भाग जोडायला कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा डाग देत. युरोपात २००६पासून नव्या उपकरणांत शिशावर निर्बंध आले. त्याआधीच्या प्रत्येक यंत्रात ते असणार, असे धरून चालावे. नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही. बोटाला लागलेले कण पोटात जातात, तो खरा धोका. दुरुस्ती करता करता भजी किंवा बिस्किटे खायची नाहीत आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे, हा साधा नियम त्यासाठी पुरेसा आहे. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलेले आहे. डाग देताना जो धूर निघतो तो मात्र मुख्यतः शिशाचा नसतो, तो राळेचा असतो. या धुरामुळे कामगारांना दमा जडतो, हे वैद्यकाला बऱ्याच काळापासून माहीत आहे. तेव्हा पंखा धूर तोंडावर आणणारा नको, बाहेर नेणारा हवा.

संगणकाबरोबर जुना, काचेच्या नळीचा मॉनिटर मिळाला असेल, तर त्याचे झाकण घरी उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो.

पेटी पिवळी पडते ती प्लास्टिकवर सूर्यप्रकाश आणि प्राणवायू यांचा परिणाम झाल्यामुळे. ती पुन्हा उजळ करण्यासाठी हौशी लोक तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. जखम धुण्यासाठी जे सौम्य द्रावण मिळते त्यापेक्षा हे कितीतरी पट कडक असते. कातडी पांढरी पडून भाजते आणि डोळ्यात थेंब उडाला तर बुबुळाला इजा होते. आजोबांच्या हातांनी पिवळा पडलेला कळफलक पिवळाच ठेवायला काहीच हरकत नसावी.

एका आठवड्यातली गोष्ट

या पेटीचा जन्मही सांगण्यासारखा आहे. १९८०च्या सुमारास बीबीसीने ठरवले, की सामान्य माणसाला संगणक शिकवणारी दूरचित्रवाणी मालिका काढायची. तिच्यासोबत लोकांना घरी विकत घेता येईल असा एक संगणकही हवा होता. केंब्रिजमधल्या एकॉर्न या छोट्या कंपनीचे हर्मान हाउझर यांनी आपल्या दोन तरुण सहकाऱ्यांना, स्टीव्ह फर्बर आणि सोफी विल्सन यांना, वेगवेगळे गाठले. आठवड्याभरात नमुना तयार होईल, असे दुसऱ्याने आधीच कबूल केले आहे, अशी थाप त्यांनी दोघांनाही मारली. दोघेही कामाला लागले आणि बीबीसीची माणसे दारात येण्यापूर्वी नमुना खरोखरच चालू झाला. विल्सन यांनी विद्यार्थिदशेत गाईंना मोजून चारा देणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र बनवले होते.

डिसेंबर १९८१मध्ये यंत्र बाजारात आले आणि जानेवारी १९८२मध्ये मालिका सुरू झाली. मोठ्या मॉडेलची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या शंभरपट जागा घेतो. प्रोग्राम साठवायला घरातला कॅसेट-प्लेअर जोडायचा, गाणी भरतात तसा तो टेपवर भरायचा आणि परत वाचेपर्यंत वाट बघायची. तरीही अशी पंधरा लाखांच्या आसपास यंत्रे विकली गेली.

भारतातल्या फारच थोड्या घरांना तेव्हा असे यंत्र परवडले असते. पण आज पन्नाशीत असलेल्या काही वाचकांनी ते शाळेत पाहिले असेल. १९८४मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. त्यात देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना पहिल्या टप्प्यात बीबीसी मायक्रो मिळाले. बाहेर चपला काढून, रांगेने आत जाऊन, एकेका यंत्राभोवती चार-पाच जणांनी बसायचे, ही त्या काळच्या संगणक-खोल्यांची शिस्त. ब्रिटनमधल्या मुलाला हे यंत्र आजोबांकडून मिळाले, इथल्या मुलाला शाळेकडून. इथली बहुतेक यंत्रे पुढे भंगारात गेली. त्या बोटांना लागलेली सवय मात्र काही जणांच्या पुढच्या आयुष्यभर पुरली.

रुग्णाच्या उशाशी बसलेला नातू

एकॉर्नला पुढच्या संगणकासाठी हवी तशी चिप बाजारात मिळेना, तेव्हा विल्सन आणि फर्बर यांनी ती स्वतःच रचली. हाती पैसा नव्हता आणि माणसेही नव्हती, त्यामुळे रचना साधी ठेवणे भाग पडले. स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात बसवायची तर ती फार तापून चालणार नव्हते. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली 'एआरएम' चिप बीबीसी मायक्रोला जोडून चालवून पाहिली. चिप बिनचूक काम करत होती, पण वीज किती लागते ते मोजायला गेले तर काटा शून्यावर. शोध घेतल्यावर कळले, की चिपला वीज जोडायचीच राहून गेली होती. शेजारच्या भागांकडून येणाऱ्या संदेशांच्या तारांतून जी थोडीफार वीज झिरपत होती, तेवढ्यावरच ती चालत होती.

हाच गुण पुढे कामाला आला. कमी विजेत चालणारी चिप म्हणजे खिशात मावणारे उपकरण. एआरएम रचनेच्या चिप आजवर अडीचशे अब्जांहून अधिक तयार झाल्या आहेत. जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्या आहेत. साखर तपासण्याच्या, औषध थेंबाथेंबाने सोडण्याच्या, हृदयाचे ठोके दाखवण्याच्या अनेक यंत्रांतही त्याच कुळातली चिप बसलेली असते. अतिदक्षता विभागात रात्री जे पडदे लुकलुकतात, त्यांतल्या कित्येकांचे मूळ त्या केंब्रिजच्या खोलीपर्यंत पोचते.

वारशाची दुसरी फांदी मुलांकडे गेली. लहानपणी बीबीसी मायक्रोवर वाढलेले एबेन अप्टन केंब्रिजमध्ये शिकवू लागले, तेव्हा त्यांना दिसले, की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या घटली आहे आणि प्रत्यक्ष प्रोग्राम लिहून आलेली मुले तर आणखीच कमी आहेत. घरोघरी संगणक होते, पण ते वापरायचे होते, उघडून बघायचे नव्हते. अप्टन आणि सहकाऱ्यांनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' हा पत्त्याच्या कार्डाएवढा, ३५ डॉलरचा संगणक विक्रीला आणला. त्याच्या मॉडेलांना 'ए' आणि 'बी' ही नावे दिली. जुन्या बीबीसी मायक्रोच्या मॉडेलांची हीच नावे, जशी आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. आत चिप अर्थातच एआरएमची. २०२०मध्ये कोविडच्या साथीत व्हेंटिलेटर बनवणाऱ्यांनी या छोट्या संगणकांना मोठी मागणी नोंदवली. मुलांनी शिकावे म्हणून बनवलेली वस्तू श्वास कोंडलेल्या रुग्णाच्या उशाशी जाऊन बसली.

तिसरी फांदी थेट मेंदूकडे वळते. स्टीव्ह फर्बर पुढे मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी दहा लाख एआरएम गाभे एकत्र जोडून 'स्पिनेकर' नावाचे यंत्र उभारले आणि २०१८मध्ये ते पूर्ण क्षमतेने चालू झाले. चेतापेशी एकमेकींना छोटे छोटे संदेश पाठवतात, त्याची नक्कल हे यंत्र करते. सुमारे एक अब्ज चेतापेशींचे अनुकरण करणे हे त्याचे उद्दिष्ट, म्हणजे माणसाच्या मेंदूच्या जेमतेम एक टक्का. माणसाच्या मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्या सगळ्या एका मंद दिव्याएवढ्या, सुमारे वीस वॅट ऊर्जेवर चालतात. दहा लाख गाभ्यांचे यंत्र अजून या दीड किलोच्या अवयवाकडून शिकतेच आहे.

आजोबांची बोटे

घरातले वृद्ध हयात असतील आणि त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली असेल, तर अशी जुनी वस्तू हाताशी असण्याचा आणखी एक उपयोग आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत ठळक उरतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आले आहे. हातांच्या सवयी तर मेंदूच्या वेगळ्याच भागांत जपलेल्या असतात. सकाळी काय खाल्ले ते न आठवणारा माणूस पेटीवर हात ठेवताच सूर धरतो, ते त्यामुळेच. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांना जुन्या वस्तू, फोटो, गाणी यांच्या आधाराने बोलते करण्याची पद्धत अनेक देशांत वापरली जाते. तिच्या अभ्यासांतून दिसणारा लाभ माफक आहे आणि तो सगळ्यांना सारखा होत नाही. आजार त्याने थांबत नाही. मात्र तासभर गप्पा होतात, चेहरा खुलतो आणि नातवंडांना आजोबा नव्याने भेटतात. आपल्याकडे हेच काम जुना रेडिओ, शिवणयंत्र किंवा पाटा-वरवंटा करू शकतो. परीक्षा घेतल्यासारखे "आठवतंय का?" असे मात्र विचारू नये. वस्तू हातात द्यावी आणि ऐकत बसावे.

वाचता न येणारा वारसा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र चालू झाले तरी त्याच्यातले उतरवून घेता येईल, असे नाही. टेपवरचा आणि फ्लॉपीवरचा चुंबकीय थर सुटतो, त्यावर बुरशी चढते. आणि ते शाबूत राहिले, तरी वाचणारे यंत्र मिळत नाही.

याचा मोठा धडा खुद्द बीबीसीलाच मिळाला. इंग्लंडचा राजा विल्यम याने १०८६मध्ये आपल्या राज्याची नोंद करवून घेतली, ती 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६मध्ये एक नवी नोंद केली गेली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलांनी, आपल्या गावाची वर्णने, फोटो आणि आकडेवारी पाठवली. ती सारी खास लेझर तबकड्यांवर साठवली गेली. बीबीसी मायक्रोच्या कुळातला संगणक आणि खास बनावटीचा प्लेअर असेल तरच त्या वाचता येत. पंधरा वर्षे उलटेपर्यंत तसे प्लेअर जवळजवळ नाहीसे झाले. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी खटपट करून २००२च्या सुमारास तो मजकूर पुन्हा वाचण्याची सोय केली. मेंढीच्या कातड्यावर लिहिलेले १०८६चे पुस्तक मात्र लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येते.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ही गोष्ट रोज वेगळ्या रूपात घडते. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाची मुलगी प्लास्टिकच्या पिशवीतून वडिलांचे कागद काढते. पाच वर्षांपूर्वीचा ईसीजी हातात येतो आणि त्यावर काहीच नसते. गुलाबी चौकटी दिसतात, रेघ उडून गेलेली असते. बहुतेक ईसीजी उष्णतेने अक्षर उमटणाऱ्या कागदावर निघतात आणि काही वर्षांत पुसट होतात. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले तर आणखी लवकर. जपून ठेवावा म्हणून कोणी त्याला लॅमिनेशन करून आणले, तर त्या उष्णतेने अख्खा कागद काळा होतो. खरे तर जुना ईसीजी अशा वेळी सोन्याच्या मोलाचा असतो. आज दिसणारा बदल नवा आहे की जुनाच आहे, यावर पुढच्या अर्ध्या तासातले उपचार ठरू शकतात.

अँजिओग्राफीच्या सीडीचेही तेच. घरातल्या कपाटात ती जपून ठेवलेली असते, पण नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. इथे एक दिलासा आहे. वैद्यकीय चित्रे बहुधा 'डायकॉम' या सर्वमान्य पद्धतीने साठवलेली असतात. सगळ्या कंपन्यांनी ती स्वीकारली असल्यामुळे एकीच्या यंत्रावर काढलेले चित्र दुसरीच्या यंत्रावर उघडते. डूम्सडेच्या तबकड्यांना असा सामाईक नियम लाभला नव्हता. सीडी अजून वाचता येते तोवर तिच्यातल्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घ्याव्यात, एवढेच करायचे आहे.

त्यासाठी फार वेळ लागत नाही. एखाद्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून एवढे करावे:

ईसीजी आणि उष्णतेच्या कागदावरचे सर्व अहवाल मोबाइलने नीट उजेडात टिपावेत आणि साध्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवावी. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नये.

सीडीवरचा मजकूर दोन ठिकाणी उतरवावा आणि दर चार-पाच वर्षांनी तो उघडतो का, हे पाहावे.

एका वहीत शाईने कुटुंबाचा आजार-वृक्ष लिहावा: कोणाला कोणता आजार, कितव्या वर्षी झाला. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण यांना पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ती नोंद पुढच्या पिढीच्या दृष्टीने फार मोलाची. औषधांच्या ॲलर्जी ठळक अक्षरांत लिहाव्यात.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी 'आभा' क्रमांक काढून घ्यावा. वही मात्र फेकू नये.

आणि जुना संगणक, मोबाइल किंवा टीव्ही ठेवायचा नसेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नये. तांबे आणि सोने काढण्यासाठी अशा वस्तू उघड्यावर जाळल्या जातात, आम्लात बुडवल्या जातात आणि ते काम करणाऱ्यांत लहान मुलेही असतात. देशात ई-कचऱ्याचे नियम आहेत आणि नोंदणी झालेले पुनर्वापर करणारेही आहेत. वस्तू त्यांच्याकडेच जावी.

ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात बीबीसी मायक्रोंचा एक वर्ग अजून भरतो. शाळकरी मुले येतात, त्यांच्या आजोबांच्या वयाचे स्वयंसेवक शेजारी उभे राहतात आणि मुले दोन ओळींचा प्रोग्राम लिहून स्वतःचे नाव पडद्यावर पुन्हा पुन्हा छापतात. ती यंत्रे चाळीस वर्षांनी चालतात, कारण कोणीतरी त्यांचे कपॅसिटर वेळेवर बदलले. कपाटातल्या त्या पिशवीलाही तसा एक रविवार द्यायला हवा.